चार कीबोर्ड, एक संगणक : लिनक्सवर अनेक पोर्टांचा मिडी इंटरफेस कसा वापरावा?



आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण त्याची सुरुवात माझ्या एका चुकीपासून झाली. म्हणून आधी ती सांगते.

आमच्या संगीताच्या वर्गात चार कीबोर्ड आहेत. चारही जुने, वेगवेगळ्या कंपन्यांचे. कोपऱ्यात एक जुना संगणक, त्यावर लिनक्स. स्नेहसंमेलनासाठी चार मुलं मिळून एक चाल बसवत होती. तिसऱ्या ओळीत दर वेळी एक सूर चुकायचा. एकेकट्याला वाजवायला लावलं की सगळे बरोबर, एकत्र वाजवलं की घोटाळा! चारही कीबोर्डच्या तारा एका डबीत एकत्र करून संगणकात नेल्या होत्या. पडद्यावर चुकीचा सूर स्पष्ट दिसे, पण तो कोणाचा हे कळायला मार्ग नव्हता. मग मी काय केलं? वर्गात सगळ्यात जास्त मस्ती करणाऱ्या मुलाला म्हणाले, "तूच आहेस तो." तो "बाई, मी नाही" म्हणत राहिला. मी ऐकलं नाही.

पुढे चार पोर्टांचा मिडी इंटरफेस मिळाला आणि प्रत्येकाचं वाजवणं वेगळं दिसू लागलं. काय दिसलं ते शेवटी सांगते. आधी हे कसं चालतं ते समजून घेऊ.

मिडी म्हणजे काय?

मिडी म्हणजे वाद्य आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली भाषा. १९८३ साली ती प्रत्यक्षात आली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या दोघांचा त्यात मोठा वाटा होता. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेने जोडून दाखवली गेली.

एक गोष्ट मुलांना पहिल्यांदाच सांगावी : मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातो. "६० नंबरची पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली", "६० नंबरची पट्टी सोडली", असे निरोप. ६० म्हणजे कीबोर्डच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक. तिच्या शेजारची काळी एक म्हणजे ६१. नोटेशनची वही आणि ध्वनिमुद्रण यांत जो फरक, तोच मिडी आणि आवाज यांत. वहीतला एक सूर खोडून दुरुस्त करता येतो, तसं मिडीतही करता येतं. शिकवणाऱ्याला म्हणूनच ते सोयीचं.

चॅनेल वेगळं, पोर्ट वेगळं

इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती.

एका मिडी तारेत १६ चॅनेल असतात. निरोपात चॅनेलसाठी ४ बिट राखलेले आहेत, आणि ४ बिटांत १६ शक्यता बसतात. मग चार कीबोर्डना चार चॅनेल देऊन एकाच तारेत का घालू नयेत? घालता येतात, पण दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी, की घरगुती कीबोर्ड सुरू केला की तो साधारणपणे चॅनेल १ वरच पाठवतो. काहींत ते बदलण्याची सोय नसते, काहींत असते पण बंद करून चालू केला की पुन्हा १. चार मुलांनी चार पत्रं टाकली आणि चौघांनीही पाठवणारा म्हणून एकच नाव लिहिलं, तर ओळखायचं कसं?

दुसरी अडचण वेगाची. गणिताच्या तासाला देण्यासारखं उदाहरण आहे. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका बाइटला १० बिट लागतात (८ निरोपाचे, २ सुरुवात-शेवटाचे), म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. पट्टी दाबल्याचा निरोप ३ बाइटांचा, म्हणजे एका सुराला साधारण १ मिलिसेकंद. चार मुलांनी दोन्ही हातांनी एकदम सगळी बोटं टेकवली तर ४० निरोप एका रांगेत उभे राहतात. शेवटच्या सुराला जवळजवळ ४० मिलिसेकंद उशीर! एवढा उशीर कानाला जाणवतो.

पोर्ट म्हणजे स्वतंत्र दार. चार पोर्टांच्या इंटरफेसला चार वेगळ्या तारा येतात, प्रत्येक तारेला तिचा पूर्ण वेग आणि तिचे १६ चॅनेल. चौघंही चॅनेल १ वर असले तरी बिघडत नाही, कारण कोण कुठल्या दारातून आलं हे संगणकाला कळतं. इंटरफेसपासून संगणकापर्यंत मात्र एकच यूएसबी तार असते. तिच्यातून जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर दाराचा क्रमांक लिहिलेला असतो. त्यासाठीही ४ बिट, म्हणजे अशा एका वाटेवर १६ दारं मावतात.

तुमच्या कीबोर्डना स्वतःचं यूएसबी असेल तर साध्या यूएसबी हबनेही काम भागेल, प्रत्येक कीबोर्ड वेगळा दिसेल. पण यूएसबीची तार ५ मीटरपर्यंतच भरवशाची. पाच पिनांची मिडीची तार १५ मीटरपर्यंत चालते. मुलं वर्गभर बसलेली असतील तर हा फरक मोठा आहे.

इंटरफेस घेताना काय पाहावं?

दुकानात एकच प्रश्न विचारा : "हा क्लास कम्प्लायंट आहे का?" म्हणजे यूएसबी मिडीचे सर्वमान्य नियम पाळणारा, वेगळा ड्रायव्हर न लागणारा. तसा असेल तर लिनक्सच्या कर्नलमधला ड्रायव्हर त्याला लगेच ओळखतो. काही टाकायला लागत नाही.

जुन्या बाजारातून घेत असाल तर जरा जपून. मिडीस्पोर्ट मालिकेतल्या काही इंटरफेसना आधी फर्मवेअर भरावं लागतं, लिनक्सवर त्यासाठी वेगळं पॅकेज आहे. इमॅजिक कंपनीचे युनिटर ८ आणि एएमटी ८ हे स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात, पण त्यांची सोय कर्नलमध्ये आधीपासून आहे. काही इंटरफेस मात्र फक्त त्यांच्या कंपनीच्या ड्रायव्हरवरच चालतात. म्हणून घेण्याआधी आपल्या संगणकाला लावून बघणं उत्तम.

जोडणी : पायरीपायरीने

१. कीबोर्डच्या आउटमधून निघालेली तार इंटरफेसच्या इनमध्ये घाला. सुरुवातीला सगळेच इन-ला-इन जोडतात! बोलणाऱ्याचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाशी, एवढं लक्षात ठेवा.

२. प्रत्येक कीबोर्डवर आणि तारेच्या दोन्ही टोकांना नंबराची चिठ्ठी चिकटवा. ही पायरी वगळू नका. निम्मा त्रास इथेच वाचतो.

३. संगणकावर टर्मिनल उघडा. इंग्रजी छोट्या अक्षरांत 'ए' आणि त्याला चिकटून 'कनेक्ट' असं लिहा, मग जागा सोडून एक छोटी आडवी रेघ आणि 'एल'. ही आज्ञा एरवी ॲल्सा युटिल्स या पॅकेजमध्ये येते. ॲल्सा म्हणजे लिनक्समधली आवाज आणि मिडी सांभाळणारी व्यवस्था.

४. आता यादी दिसेल. क्लायंट ० म्हणजे सिस्टिम, १४ म्हणजे मिडी थ्रू, ते सोडून द्या. खाली तुमच्या इंटरफेसचं नाव दिसेल, समजा क्लायंट २४, आणि त्याच्याखाली ०, १, २, ३ असे चार पोर्ट. लक्ष द्या : डब्यावर १, २, ३, ४ छापलेलं असतं आणि लिनक्स ० पासून मोजतो. म्हणजे डब्यावरचा २ नंबर इथे २४:१ होतो. आमच्या सातवीतल्या मुलांना हे एकदा सांगितल्यावर समजलं, मला दोन दिवस लागले.

५. खात्री करून घ्या. याच पॅकेजमध्ये 'ए-सेक-डम्प' नावाची आज्ञा आहे ('सेक' म्हणजे इंग्रजी एस, ई, क्यू ही तीन अक्षरं, सगळं सलग लिहायचं). तिच्यापुढे आडवी रेघ, 'पी' आणि २४:१ लिहा. दोन नंबरच्या कीबोर्डवर पट्टी दाबली की पडद्यावर एक ओळ उमटते : सुराचा नंबर आणि दाबाचा जोर. मुलांना हे फार आवडतं. हळू दाबलं की छोटा आकडा, जोरात दाबलं की मोठा. थांबवायला कंट्रोल आणि सी.

सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं?

आम्ही रोजगार्डन वापरतो. फुकट आहे, आणि वाजवलेलं नोटेशनमध्ये दिसतं. स्टुडिओ मेनूतल्या 'मॅनेज मिडी डिव्हायसेस'मध्ये जाऊन प्रत्येक पोर्टासाठी रेकॉर्डिंगचं एकेक उपकरण आहे ना ते बघा. नसेल तर नवीन करा आणि त्याला ओळखू येईल असं नाव द्या.

आता खरी खुबी. रोजगार्डनच्या प्रत्येक ट्रॅकला रेकॉर्डिंग फिल्टर असतो आणि तो एरवी 'ऑल'वर, म्हणजे 'सगळे'वर असतो. तो तसाच ठेवला तर चार पोर्ट असूनही चौघांचं वाजवणं प्रत्येक ट्रॅकमध्ये घुसतं. म्हणजे महागाचा इंटरफेस घेऊन पुन्हा तोच काला! म्हणून पहिल्या ट्रॅकच्या फिल्टरमध्ये पहिलं उपकरण, दुसऱ्यात दुसरं, असं निवडा. मग चारही ट्रॅकचं रेकॉर्डचं बटण लावा.

क्यूट्रॅक्टर वापरत असाल तर तिथे चार मिडी बस तयार करून प्रत्येकीला एक पोर्ट जोडायचा आणि एकेक ट्रॅक एकेका बसला द्यायचा. तत्त्व तेच : हार्डवेअरचं दार आणि ट्रॅक यांची जोडी तुम्ही स्वतः लावायची. लिनक्स ती तुमच्यासाठी गृहीत धरत नाही. आधी याचा कंटाळा येतो, पण कुठून काय येतंय हे त्यामुळेच पक्कं समजतं.

काही सॉफ्टवेअर ॲल्साऐवजी जॅक या व्यवस्थेतून मिडी घेतात. तिथे पोर्टांची नावं थोडी वेगळी दिसतील. हल्लीच्या बऱ्याच लिनक्समध्ये पाइपवायर असतं, ते या दोन्हींमधला पूल बांधतं. नाव वेगळं दिसलं तरी दारांचा क्रम बघा.

नेहमीच्या अडचणी

*काल चालत होतं, आज चालत नाही.* आमच्याकडे ऐन तालमीच्या दिवशी हे झालं. लिनक्स पहिल्या साउंड कार्डाला क्लायंट १६, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला २४ असे नंबर देतो. त्या दिवशी वेबकॅमेरा आधी लावलेला होता. त्याचा माइक तिसरं कार्ड झाला आणि इंटरफेस २८ वर गेला. म्हणून नंबरावर विसंबू नका. जोडणीच्या आज्ञेत नंबराऐवजी इंटरफेसचं नावही चालतं, आणि क्यूजॅककंट्रोलच्या पॅचबेमध्ये जोडण्या जतन करून ठेवता येतात.

*इंटरफेस यादीत नाहीच.* यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी आज्ञा द्या : एल, एस, यू, एस, बी, सलग. त्यात इंटरफेस दिसला पण मिडीच्या यादीत नसला तर ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा प्रश्न. त्यातही नसला तर तार किंवा वीज बघा.

*एक सूर वाजतच राहिला.* पट्टी सोडल्याचा निरोप हरवला. सॉफ्टवेअरमधलं 'पॅनिक' बटण दाबा, ते सगळे सूर बंद करायचा निरोप पाठवतं.

*प्रत्येक सूर दोनदा वाजतो.* संगणकाकडून कीबोर्डकडे परतीची तारही लावली असेल तर असं होतं. सूर संगणकात जातो आणि तसाच परत येतो. कीबोर्डवरचं 'लोकल कंट्रोल' बंद करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये सूर परत पाठवणं थांबवा.

आणि तो चुकीचा सूर?

चार ट्रॅक वेगळे झाले. मुलांनी चाल वाजवली. मी नोटेशन उघडलं. मस्तीखोर मुलाचा ट्रॅक स्वच्छ होता. चूक होती वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीची. तिसऱ्या ओळीत ती शेजारचा ठेका ऐकून गोंधळायची आणि बोट एक पट्टी पुढे पडायचं. तिला ते माहीत होतं. मी दुसऱ्याला रागावले तेव्हा ती घाबरून गप्प बसली होती.

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. मुलीला रागावले नाही. मधल्या सुट्टीत तिला तिचाच ट्रॅक ऐकवला, मग शेजारच्या ट्रॅकबरोबर ऐकवला. "बाई, इथे मी त्याच्या मागे जाते," ती आपणहून म्हणाली. तीन दिवसांत ओळ बसली.

तेव्हा एक विनंती. हे साधन चोर पकडायला वापरू नका. चार मुलं एकत्र वाजवतात तेव्हा आपल्याला एकच आवाज ऐकू येतो, आणि आपण सवयीने त्यातलं एखादं मूल दोषी ठरवतो. प्रत्येकाला वेगळं दार दिलं तर प्रत्येकाचं वेगळं ऐकता येतं, चुकाही आणि छान वाजवलेलंही. त्या मुलाच्या ट्रॅकमधली लय किती पक्की आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तुमच्या शाळेत किंवा घरी दोन जुने कीबोर्ड पडून असतील तर दोन पोर्टांपासून सुरुवात करा. आणि चिठ्ठ्या चिकटवायला विसरू नका!