राक्षस जन्मतात की घडविले जातात?

गेल्या चातुर्मासात रेणापुरात आमच्या आळीतील देवळात श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ लागला होता. बिभीषण रामाला शरण येतो तो भाग आटोपल्यावर शेजारच्या एका आठवीतील मुलीने पोथी सांगणाऱ्या बुवांना विचारले, ‘‘बुवा, बिभीषणही राक्षसच ना? मग तो चांगला कसा निघाला?’’ बुवा अनुभवी. ‘‘पूर्वपुण्याई, बाळ,’’ एवढे म्हणून ते आरतीच्या तयारीला लागले. मुलीचे समाधान झालेले दिसले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

कथा सांगणाऱ्याला अशी एक जमात लागते, की जिचा संहार होताना ऐकणाऱ्याच्या मनात कालवाकालव होऊ नये. म्हणून तो एका अख्ख्या वंशाला एकच स्वभाव देऊन मोकळा होतो. परंतु ही सोय आपल्या पुराणकारांना पुरतेपणी मानवली नसावी. रावण हा विश्रवा ऋषींचा पुत्र आणि कुबेराचा सावत्र भाऊ. रावण व बिभीषण तर एकाच आईच्या पोटचे. त्या दोघांतील अंतराचा उलगडा रक्ताने होत नाही आणि घरच्या वळणानेही होत नाही. प्रल्हादाच्या बाबतीत मात्र भागवतकार स्पष्ट बोलतो. हिरण्यकशिपू तपाला गेला असता इंद्राने गरोदर कयाधूला धरून नेले. नारदाने तिला सोडवून आपल्या आश्रमात ठेवले आणि तेथे तिला केलेला उपदेश पोटातील बाळाने ऐकला. दैत्याचे पोर हरिभक्त कसे झाले, याचे उत्तर पुराणाने वंशात शोधले नाही, ते आश्रमात शोधले. या प्रल्हादाचा नातू बळी. त्याचे राज्य पुन्हा यावे, असे आपल्या आयाबहिणी आजही दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना म्हणतात. म. फुले यांनी तर १८७३ च्या ‘गुलामगिरी’त दैत्य-राक्षस म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी व रक्षक, असा अर्थ लावून सारी कथाच उलटी वाचली. जिंकणारा ज्याला राक्षस म्हणतो, त्याच्या स्वभावाची साक्ष जिंकणाऱ्याकडून घ्यावी काय, हा त्यांचा सवाल अजून शिळा झालेला नाही.

पाश्चात्त्य लेखकांनाही हा पेच चुकलेला नाही. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या १९५४-५५ मधील कादंबरीत ‘ऑर्क’ नावाची एक क्रूर जमात आहे. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होते. दुष्टशक्ती काही निर्माण करू शकत नाही, असलेले बिघडवू तेवढे शकते, अशी त्यांची धारणा. मग मुळातच सुधारणेपलीकडची अशी अख्खी जमात असू शकते काय? या प्रश्नाने त्यांना अखेरपर्यंत छळले. १९७४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पुस्तकांत तर अशा काल्पनिक जमातींच्या नावासमोर त्यांचा स्वभाव छापलेला असे. अलीकडे त्यावर पुष्कळ वाद झाला आणि २०२४ च्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्दच वगळण्यात आला. खेळाच्या पुस्तकात सुधारणा करणे सोपे असते.

कारण हीच कल्पना सरकारी कागदावर उतरली, की ती पुसता पुसत नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. विणकराचा मुलगा विणकर आणि सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हे त्यामागील तर्कट. जमातीचे नाव एकदा यादीत गेले, की माणसांची नोंदणी, पोलिसांपुढे हजेरी आणि गाव सोडण्यास परवाना, हे सारे आले. १९११ मध्ये या कायद्याची व्याप्ती देशभर वाढविण्यात आली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या अमलाखाली होता, आणि तेथेही याच धर्तीचा कायदा होता. पुराणातील दैत्याच्या पोराला निदान नारद भेटण्याची शक्यता होती. या कायद्याने ती वाटच बंद केली.

आमच्या शेजारच्या लातूर तालुक्यातील धनेगाव हे लक्ष्मण गायकवाड यांचे जन्मगाव. त्यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढील वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. या आत्मकथनातील दारिद्र्याच्या वर्णनाने वाचक हेलावतो, ते योग्यच. परंतु मला त्यातील एक तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या समाजात लहान मुलांना खिसे कापण्याची रीतसर तालीम दिली जाई, आणि पोलिसांचा मार खाऊनही कोणाचे नाव सांगू नये म्हणून घरीच मारून त्यांना तयार केले जाई. जे रक्तातच असते त्याला एवढी तालीम कशाला लागावी? मासोळीला पोहणे शिकविताना कोणी पाहिले आहे काय? त्याच पुस्तकात दुसरी गोष्ट आहे. वडिलांनी मुलाला शाळेत घातले आणि वस्तीतील पोरांना हगवण-उलट्या सुरू झाल्या. तेव्हा त्याचा दोष जातभाईंनी या शाळेत जाणाऱ्या पोरावर ठेवला. जमातीचा स्वभाव ठरलेला आहे, असे यादी करणारा मानीत होता. ज्याचे नाव यादीत होते तोही तेच मानू लागला होता, आणि याला मी कायद्याचा सर्वांत मोठा विजय म्हणेन.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला यात आणखी एक गोष्ट दिसते. बंजाऱ्यांचे तांडे शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेत. सैन्यांची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. १८५३ नंतर रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या, मिठावर सरकारचा ताबा होता, आणि वाहतुकीचा धंदा बसला. धंदा बुडालेला भटका माणूस संशयित ठरला, आणि काही प्रांतांत त्याच्याही नावासमोर शिक्का बसला. त्याचे रक्त जुनेच होते, बदलली होती ती बाजारपेठ.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ मध्ये झाला. कायद्याची भाषा बदलली तरी ठाण्यातील नजर तीच राहिली, असे या समाजांचे कार्यकर्ते सांगत आले. ती तक्रार निराधार नव्हती. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत अशा जमातींना जन्मावरून वेगळे वागविणारी कलमे तशीच राहून गेली होती, आणि ती घटनाबाह्य ठरविण्यास ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावे लागले. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

न्यायालयाकडे बोट दाखविताना मला माझे विद्यार्थीदशेतील वसतिगृह आठवते. एका मुलाचे मनगटी घड्याळ हरवले. व्यवस्थापकांनी झडती सुरू केली ती एका विमुक्त जमातीतील मुलाच्या पत्र्याच्या पेटीपासून. पेटीत गावाकडून आणलेल्या वाळलेल्या भाकरी, शेंगाची चटणी, दोन वह्या आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढेच निघाले. आम्ही दहा-बारा जण दाराशी उभे होतो. पेटी प्रथम त्याचीच का, असे आमच्यापैकी कोणी विचारले नाही, मीही नाही. दोन दिवसांनी घड्याळ मालकाच्याच वळकटीत सापडले. तोपर्यंत तो मुलगा पेटी घेऊन गावी निघून गेला होता, आणि त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही.