वऱ्हाड मागायला गेले, रिबेका घेऊन आले

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या स्टेशनवरून गाडी धर्माबाद, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादला जाते. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, नाहीतर पोरांना चारमिनार दाखवणे असो, इकडची माणसे मुंबई-पुण्याआधी हैदराबादच गाठतात. त्या फेरीत एक दुपार सालारजंग म्युझियमसाठी राखलेली असते. तिथे गर्दी असते ती एका घड्याळापुढे. तास भरला की त्यातला इवलासा माणूस बाहेर येऊन टोले देतो, ते बघायला लोक आधीपासून जागा धरतात. घड्याळ गमतीचे आहे खरे, पण आपल्या मुलखाचा संबंध आहे तो दुसऱ्या दालनातल्या रिबेकाशी.

पांढऱ्या संगमरवराची ही तरुणी पायापर्यंत कपड्यात आहे. तोंडावर ओढणीसारखे वस्त्र आहे आणि त्यातून नाक, ओठ, मिटल्यासारखे डोळे दिसतात. बायबलमधली रिबेका आपल्या भावी नवऱ्याला, इसहाकाला, लांबून येताना पाहून चेहरा झाकून घेते, तो हा क्षण. इटालियन शिल्पकार जोव्हानी मारिया बेंझोनी यांची ही कृती. मागणी इतकी होती की त्यांनी तिच्या अनेक प्रती केल्या. अमेरिकेतल्या संग्रहालयांतही त्या आहेत.

वस्त्र आणि चेहरा असे दोन थर इथे नाहीतच, दगड एकच आहे. जिथे कापड नाकाला, हनुवटीला टेकेल तिथे पृष्ठभाग उचलून गुळगुळीत केला आहे. जिथे ते सैल लोंबेल तिथे बारीक चुण्या कोरल्या आहेत. त्या चुण्या न थांबता चेहऱ्यावरून खाली उतरतात, म्हणून डोळा फसतो. समोरून झगमगीत उजेड असेल तर ही जादू निम्मी होते. बाजूने उजेड पडला की चुणीची सावली पडते आणि दगड झिरझिरीत वाटू लागतो. चेहऱ्याचा भाव मला जरा गोडगोड वाटतो, दिवाणखान्यात शोभावा असा. पण छिन्नी धरणाऱ्या हाताला तोड नाही.

ही मूर्ती 1876 साली रोममध्ये विकत घेतली पहिल्या सालारजंगांनी. म्हणजे मीर तुराब अली खान, निजामाचे दिवाण. ठेकेदारांच्या घशातून महसूल काढून घेणारे, 1860 च्या दशकात राज्याची जिल्हाबंदी करणारे हेच. नांदेडचा सरकारी कारभार ज्या चौकटीत उभा राहिला ती त्यांची. युरोपला ते हौस म्हणून गेले नव्हते. मनात वऱ्हाड होते.

मे 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने निजामाच्या गळ्यात तह बांधला. निजामासाठी म्हणून ठेवलेल्या, पण इंग्रजांच्या हुकमतीतल्या फौजेचा खर्च थकला होता. त्यापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा भाग कंपनीकडे गेला. तहानंतर काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांच्या चोवीस वर्षांच्या पुतण्याच्या, म्हणजे याच मीर तुराब अलींच्या, हाती राज्याचा कारभार आला. सत्तावनच्या उठावात या पुतण्याने हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने ठेवले. त्याचे बक्षीस म्हणून 1860 साली रायचूर आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र नाही. वऱ्हाडात कापूस होता, आणि तो कापूस इंग्रजांना हवा होता.

फौजेच्या पगारासाठी ठेव ठेवतो, मुलूख परत द्या, अशी दिवाणांची मागणी होती. त्याच आशेवर 1876 चा प्रवास झाला. रोममध्ये पोपची भेट झाली. पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. तशाच अवस्थेत ते इंग्लंडला पोचले. राणीची भेट, ऑक्सफर्डची मानद पदवी, लंडन शहराचा सन्मान, सगळे मिळाले. वऱ्हाडाचे नाव निघाले की मात्र दरवाजा बंद. 1883 साली पटकीने ते गेले, तेव्हाही प्रश्न तिथेच होता. 1902 साली व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहूनच घेतले.

सहलीची आठवण म्हणून आपण परदेशातून काय आणतो? चुंबक चिकटवलेले आयफेल टॉवर, फार तर चॉकलेट. मोडलेल्या हाडाचा आणि नाकारलेल्या अर्जाचा हा प्रवास माणसाभर उंचीचा संगमरवर घेऊन संपला. अपयशी वाटाघाटीची इतकी देखणी खूण मला दुसरी आठवत नाही.

म्युझियमचा बहुतांश पसारा मात्र नातवाचा, तिसऱ्या सालारजंगांचा. ते 1949 साली अविवाहितच वारले. 1951 च्या डिसेंबरात नेहरूंनी घराण्याच्या दिवाण देवडी या वाड्यात संग्रह खुला केला, आणि 1968 साली तो मुसीकाठच्या आजच्या इमारतीत आला.

त्याआधी जानेवारी 1948 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीतल्या हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली होती, निजामाविरुद्धच्या लढ्याला पैसा उभा करण्यासाठी. सप्टेंबरात राजवट संपली. दिवाणांना जे अर्ज करून जमले नाही ते पुढे राज्य पुनर्रचनेत आपसूक घडले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा आणि वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले. उमरीकरांचे हैदराबाद त्या दिवसापासून परराज्यात गेले.