टाचणीशिवाय भिंतीवर गोधडी

गोधडीच्या वरच्या थरावर रंगीत तुकडे कोणत्या क्रमाने यावेत, हे शिवण्यापूर्वीच ठरवावे लागते. एकदा शिवण घातली की मग चूक दुरुस्त करायची म्हणजे उसवणे आले. म्हणून घरी सहसा सगळे तुकडे जमिनीवर मांडून पाहतात. तेवढ्यात कोणी पंखा सुरू करतो, धाकटे भावंड मधून धावत जाते आणि तासाभराची मांडणी क्षणात विसकटते.

जमिनीवरच्या मांडणीत आणखी एक दोष आहे, तो आपल्या पाहण्यातला. समजा, मांडणी २ मीटर लांब आहे, तिची जवळची कड तुमच्या पायांपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि तुमचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच आहेत. १५ सेंटिमीटर बाजूचा जवळचा चौकोन उभ्या दिशेने डोळ्यांशी सुमारे ५ अंशांचा कोन करतो. शेवटच्या रांगेतला तेवढाच चौकोन मात्र जेमतेम दीड अंशाचा. म्हणजे समोरचे रंग उठून दिसतात आणि पलीकडचे दबून जातात. हीच मांडणी भिंतीवर असेल आणि तुम्ही ३ मीटर दूर उभे राहिलात, तर सर्व चौकोन जवळजवळ सारखे दिसतील.

पण भिंतीवर तुकडे टिकवायचे कसे? अमेरिकेत क्विल्ट शिवणाऱ्यांनी यासाठी एक सोपी युक्ती वापरली आहे. तिला ते ‘डिझाइन वॉल’ म्हणतात. आपल्या शिक्षक-वाचकांनाही ती अनोळखी वाटू नये, कारण वर्गातला फ्लॅनेल बोर्ड हा तिचाच लहान भाऊ!

ती घरी अशी करा. तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी घेतात तसले पांढरे किंवा फिके, बिननक्षीचे फ्लॅनेल घ्या. दीड मीटर रुंद व २ मीटर लांब कापड पुष्कळ झाले. अर्ज कमी असेल तर दोन पट्टे जोडा. वरच्या व खालच्या कडेला नेफा शिवून त्यात एकेक लाकडी पट्टी घाला. वरच्या पट्टीला दोरी बांधून शाळेतल्या नकाशाप्रमाणे खिळ्यांवर टांगा. खालच्या पट्टीच्या वजनाने कापड ताणलेले राहील. आता सुती तुकडा त्यावर ठेवा आणि तळहाताने हलकेच खालच्या दिशेने दाबून फिरवा. टाचणी नाही, डिंक नाही, तरी तुकडा तिथेच राहतो! रात्री आवरायचे असेल तर तुकड्यांसकट सावकाश गुंडाळी करून ठेवता येते.

आता खरा प्रश्न. तुकडा पडत का नाही?

‘घर्षणामुळे’ असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण जरा थांबा. घर्षणबल पृष्ठभागांवरील लंब दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम फ्रान्समधील आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडला आणि तो आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. उभ्या भिंतीवर तुकड्याचे वजन सरळ खाली काम करते; भिंतीवर त्याचा लंब दाब शून्य. मग नियमाप्रमाणे घर्षणही शून्य, आणि तुकडा खाली पडायला हवा.

ही अडचण प्रयोगाने अधिक ठळक होते. गुळगुळीत लाकडी फळीवर सुती तुकडा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. समजा, ३० अंशांवर तुकडा घसरू लागला. तर त्या कोनाची स्पर्शज्या, म्हणजे ०.५८, हा घर्षणांक. आता फळीवर फ्लॅनेल घट्ट ताणून हाच प्रयोग करा. ४५ अंशांवर घर्षणांक १ येईल, ८० अंशांवर ५.६७, ८९ अंशांवर ५७. आणि ९० अंशांवरही तुकडा जागचा हलला नाही, तर घर्षणांक अनंत! उत्तर असे हास्यास्पद येते तेव्हा चूक कापडाची नसते. नियमातच काहीतरी राहून गेलेले असते.

काय राहिले, ते भिंग घेऊन पाहा. फ्लॅनेल विणल्यानंतर बारीक तारांच्या ब्रशांनी खरवडून त्यावर लव काढलेली असते. या लवेचे असंख्य तंतू आणि सुती तुकड्यावरचे तंतू एकमेकांत अडकतात. माळावरून चालताना कुसळे कपड्यांत रुतून बसतात, तसाच हा प्रकार. कुलोम यांच्या १७८५ च्या प्रबंधात घर्षणबलाच्या सूत्रात दाबाशी निगडित पदाबरोबर दाबावर अवलंबून नसलेले आणखी एक पद होते. लाकडावर किंवा धातूवर ते इतके लहान असते की आपण ते सोडून देतो. आपल्या भिंतीवर मात्र तेवढेच उरते.

त्याला पेलायचे तरी किती? चौरस मीटरला १४० ग्रॅम भरणाऱ्या कापडाचा १५ सेंटिमीटरचा चौकोन सुमारे ३ ग्रॅमचा असतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला केवळ १४ मिलिग्रॅम! शिवाय तुकडा मोठा झाला की वजन वाढते, तशी पकडही त्याच प्रमाणात वाढते. म्हणून सपाट तुकडा मोठा असला तरी बिघडत नाही. चार-सहा तुकडे जोडून शिवलेला भाग मात्र पडू शकतो, कारण शिवणींच्या जाडीमुळे तो भिंतीपासून थोडा अलग राहतो. अशा वेळी वरच्या कडेला दोन टाचण्या लावाव्यात.

कोणी म्हणेल, ही स्थिर विद्युत् असेल. तेही तपासता येते. दमट हवेत सुती कापडावर विद्युत्‌भार टिकत नाही. मग ऐन पावसाळ्यात तुकडे गळून पडायला हवेत. पडतात का, ते स्वतः पाहा.

आणखी एक प्रयोग: लावलेल्या तुकड्याच्या खालच्या कडेला एकेक क्लिप अडकवत जा आणि किती क्लिपांना तुकडा सुटतो ते मोजा. खादी, साधे सुती, टेरिलीन आणि साटीन यांचा तक्ता करा. मग तोच तुकडा वरच्या कोपऱ्याला धरून सोलून काढा. किती सहज निघतो! खाली ओढताना सगळे तंतू एकदम अडवतात, सोलताना मात्र एका वेळी एकच ओळ सोडवावी लागते.

मांडणी पसंत पडली की तुकडे असेच कोपऱ्यातून सोला, रांगेने क्रमांक घाला आणि शिवायला द्या. आजीला गोधडी मिळेल, आणि तुम्हाला पाठ केलेल्या एका नियमाची सीमा स्वतःच्या हातांनी चाचपलेली असेल.