बटण गेलं कुठे? फोनवर वेबसाइट का बिघडते आणि ती दुरुस्त कशी करायची

गुहागरजवळ माझ्या मामाचं छोटंसं होमस्टे आहे. चार खोल्या, मागे पोफळीची वाडी, मामीच्या हातचं जेवण. दोन वर्षांपूर्वी मी त्याला वेबसाइट बनवून दिली. घरातला इंजिनिअर म्हणून ते कामही माझ्याकडेच आलं आणि मीही हौसेने केलं. फोटो, दरपत्रक, बुकिंगचा फॉर्म, सगळं माझ्या लॅपटॉपवर एकदम झकास दिसत होतं.

दिवाळीच्या आधी मामाचा फोन आला. "अरे, लोक साइट बघतात पण बुकिंग करत नाहीत. तीन खोल्या रिकाम्या आहेत. काय बिघडलंय का बघ." मी लॅपटॉपवर उघडून बघितलं, स्वतःच बुकिंग करून बघितलं. सगळं व्यवस्थित! मी ठामपणे सांगितलं, "मामा, साइट चालू आहे, यंदा लोकच कमी असतील."

चार दिवसांनी डोंबिवलीच्या एका ताईंनी मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला. त्यात फॉर्म पूर्ण भरलेला होता आणि खाली लिहिलं होतं, "पुढे काय करायचं? बटणच दिसत नाही." मामाने तो मला फॉरवर्ड केला, सोबत एकही शब्द न लिहिता. तो स्क्रीनशॉट बघून मला जेवढी लाज वाटली, तेवढी ऑफिसमध्ये कुठल्याच बगने वाटली नव्हती.

त्या रात्री बसून मी ते पान दुरुस्त केलं. तेव्हा सापडलेल्या चुका जवळपास प्रत्येक नव्या वेबसाइटवर असतात, म्हणून त्या इथे एकेक करून सांगतो. तुम्ही कोड शिकत असाल तर थेट उपयोगी पडतील. शिकत नसाल तर शेवटचा भाग तुमच्यासाठी आहे.

(कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. एडिटरमध्ये टाकताना अर्थातच त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग वापरा.)

आधी सीएसएस म्हणजे काय ते दोन ओळींत

वेबपेजमध्ये मजकूर, फोटो, बटण काय काय आहे ते एचटीएमएल सांगतं. ते कुठे, किती मोठं आणि कुठल्या रंगात दिसायचं ते सीएसएस सांगतं. होकॉन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याचं पहिलं अधिकृत रूप आलं. तेव्हा वेबसाइट टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर बघितल्या जायच्या. आज तेच सीएसएस हातातल्या फोनवर चालवायचं असतं आणि बहुतेक भानगडी इथेच सुरू होतात.

१. सगळं पान बारीक दिसतं

फोनवर साइट उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि दोन बोटांनी ताणून वाचावं लागतं. अशा वेळी पहिला संशय व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगवर घ्या.

२००७ मध्ये आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट कॉम्प्युटरसाठीच बनलेल्या होत्या. म्हणून ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालायचा आणि सगळं आकसून छोट्या स्क्रीनवर बसवायचा. ती सवय मोबाइल ब्राउझरमध्ये अजून आहे. 'माझं पान फोनच्याच रुंदीत मांड' हे आपण त्याला स्पष्ट सांगावं लागतं. त्यासाठी एचटीएमएलच्या हेड भागात व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग टाकायचा आणि त्यात 'विड्थ = डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल = १' एवढं लिहायचं. ही एक ओळ नसेल तर बाकी कितीही मेहनत करा, फोनवर फरक पडत नाही.

२. पान आडवं सरकतं

पान वर-खाली सरकायला हवं, पण बोट लावलं की डावी-उजवीकडेही हलतं आणि उजव्या बाजूला पांढरी पट्टी दिसते. म्हणजे कुठला तरी एक डबा स्क्रीनपेक्षा रुंद झालाय.

मामाच्या साइटवर हा प्रकार फॉर्मच्या चौकटीने केला होता. मी विड्थ १०० टक्के दिली होती, शिवाय दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग आणि १ पिक्सेल बॉर्डर. सीएसएसच्या मूळ हिशोबात विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी, पॅडिंग आणि बॉर्डर त्यावर वेगळे. ३६० पिक्सेलच्या फोनवर ३६० अधिक ४० अधिक २, म्हणजे ४०२. बेचाळीस पिक्सेल बाहेर!

उपाय एका ओळीचा आहे. सगळ्या घटकांना 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' द्या. मग पॅडिंग आणि बॉर्डर त्या १०० टक्क्यांतच मोजले जातात. मी आता कुठलंही नवं काम सुरू करताना ही ओळ सगळ्यात वर टाकतो.

दुसरे गुन्हेगार म्हणजे मोठे फोटो. त्यांना 'मॅक्स-विड्थ: १०० टक्के' आणि 'हाइट: ऑटो' द्या, म्हणजे फोटो डब्याबाहेर जात नाही आणि चेपटाही होत नाही. तिसरा म्हणजे लांबलचक लिंक किंवा ईमेल पत्ता. त्यात मोकळी जागा नसल्यामुळे ब्राउझर तो तोडत नाही. तिथे 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' चालतं. फ्लेक्सबॉक्सच्या आतला डबा आकसायला तयार नसेल तर त्याला 'मिन-विड्थ: ०' देऊन बघा, कारण फ्लेक्सची मुलं आपल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला आपणहून तयार नसतात.

नेमका कुठला डबा बाहेर गेलाय ते कसं ओळखायचं? सगळ्या घटकांना काही वेळ १ पिक्सेलची लाल आउटलाइन द्या. चोर लगेच दिसतो. बॉर्डर नको, आउटलाइनच द्या. बॉर्डर स्वतः जागा खाते आणि मांडणी हलवते, आउटलाइन तसं करत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. घाईत बरेच जण बाहेरच्या डब्याला 'ओव्हरफ्लो: हिडन' देऊन मोकळे होतात. पान हलायचं थांबतं, पण बाहेर गेलेला भाग कापला जातो. त्यात एखादं बटण असेल तर तेही गेलं. शिवाय त्या डब्यातलं 'पोझिशन: स्टिकी' बऱ्याचदा चालेनासं होतं. छत गळतंय म्हणून खाली बादली ठेवली आणि दुरुस्ती झाली म्हटलं, तसं आहे हे.

३. मराठी अक्षरांचे कान-मात्रे कापले जातात

ही अडचण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सहसा भेटत नाही. इंग्रजी मजकुरासाठी निवडलेली 'लाइन-हाइट: १' तशीच ठेवली, तर मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार-वेलांट्या एकमेकांवर चढतात. डब्याला ओव्हरफ्लो हिडन असेल तर ते चक्क कापले जातात. मामाच्या दरपत्रकात 'पूर्ण' शब्दाचा रफार उडाला होता.

मराठी परिच्छेदाला लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा आणि मजकुराच्या डब्याला पक्की उंची देऊ नका. मजकूर वाढला की डबा आपोआप वाढू दे. शीर्षक स्टायलिश दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंगही देऊ नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

४. मेनू दुसऱ्या गोष्टीच्या मागे लपतो

मेनू उघडला की तो फोटोच्या मागे जातो. मग झेड-इंडेक्स ९९९९ करून बघतात, तरी हलत नाही.

समजा इमारतीत मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर खोल्यांना नंबर आहेत. दुसऱ्या मजल्यावरची ९९९९ नंबरची खोली पाचव्या मजल्याच्या वर जाऊ शकत नाही. झेड-इंडेक्सचंही तसंच. ट्रान्सफॉर्म दिलेला किंवा ओपॅसिटी १ पेक्षा कमी असलेला डबा स्वतःचा वेगळा मजला तयार करतो आणि त्याच्या आतला आकडा फक्त आतच चालतो. म्हणून आतल्या मेनूचा आकडा वाढवण्याआधी बाहेरचा डबा कुठल्या मजल्यावर आहे ते बघा. साध्या डब्याला झेड-इंडेक्स लागू होण्यासाठी पोझिशन रिलेटिव्हसारखं काहीतरी द्यावं लागतं, हेही बरेच जण विसरतात.

५. आणि ते गायब बटण

आता मामाच्या खोल्या ज्याने रिकाम्या ठेवल्या, तो बग.

बुकिंगचा फॉर्म पूर्ण स्क्रीनवर उघडावा म्हणून मी त्याला 'हाइट: १०० व्हीएच' दिली होती आणि बटण सगळ्यात खाली ठेवलं होतं. १०० व्हीएच म्हणजे स्क्रीनची पूर्ण उंची असं मी धरलं होतं. फोनवर तसं नसतं. मोबाइल ब्राउझरची ॲड्रेस पट्टी सरकून नाहीशी झाल्यावर जी उंची मिळते, ती १०० व्हीएच. पट्टी दिसत असते तेव्हा फॉर्मचा तळ तेवढाच स्क्रीनच्या खाली जातो. माझं बटण बरोबर त्या भागात होतं.

एरवी माणूस पान खाली सरकवतो आणि पट्टी जाते. पण फॉर्म उघडा असताना मागचं पान हलू नये म्हणून मी स्क्रोलच बंद केला होता. म्हणजे पट्टी जाणार नाही आणि बटण वर येणार नाही. फॉर्म भरणारा माणूस अडकला.

मग मला ते का दिसलं नाही? लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये जो मोबाइल मोड असतो, त्यात ही ॲड्रेस पट्टी नसतेच. माझ्या फोनवरही मी एकदा बघितलं होतं, पण आधी फोटो बघत खाली गेलो, पट्टी गेली, मग फॉर्म उघडला. बटण दिसलं. ज्यांनी साइट उघडताच थेट 'बुकिंग' दाबलं, ते सगळे अडकले. म्हणजे ज्यांचं यायचं नक्की होतं, नेमके तेच.

उपाय: व्हीएचच्या जागी डीव्हीएच वापरा. हे एकक पट्टी येईल-जाईल तसं बदलतं आणि २०२२ पासून प्रमुख ब्राउझरमध्ये चालतं. जुन्या फोनसाठी आधी व्हीएचची ओळ ठेवून तिच्या खाली डीव्हीएचची ओळ लिहा. ज्या ब्राउझरला दुसरी कळत नाही, तो पहिली घेतो. आणि फॉर्मच्या आतल्या भागाला 'ओव्हरफ्लो-वाय: ऑटो' द्या, म्हणजे काहीही झालं तरी आतून सरकवता येईल.

तुम्ही कोड लिहीत नसाल तर

फीचा, परीक्षेचा किंवा तिकिटाचा फॉर्म असाच अडकला तर हे करून बघा:

- पान आधी थोडं खाली सरकवा, ॲड्रेस पट्टी जाऊ द्या आणि मग फॉर्म उघडा.
- शेवटच्या रकान्यात असताना कीबोर्डवरचं 'गो' किंवा एंटर दाबा. बऱ्याच फॉर्मना बटणाऐवजी तेही चालतं.
- ब्राउझरच्या मेनूमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडा. पान पुन्हा लोड होतं, म्हणून भरलेली माहिती आधी कॉपी करून ठेवा.
- फोनमध्ये अक्षरांचा आकार खूप मोठा ठेवला असेल तर थोडा वेळ कमी करून बघा.
- पैसे भरल्यानंतर पान बिघडलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते तपासा.

आणि जमलं तर त्या साइटवाल्याला स्क्रीनशॉट पाठवा. सोबत फोनचं मॉडेल आणि ब्राउझरचं नाव लिहा. समोरच्याच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित दिसत असतं, त्याला कळणार कसं?

मामाची ती दिवाळी निम्मी रिकामीच गेली. साइट दुरुस्त झाल्यावर मी त्याला फोन करून चूक माझीच होती असं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे रे. पण पुढच्या वेळी मी काय बिघडलंय म्हटलं की आधी माझ्या फोनवर बघ." तेव्हापासून ऑफिसमध्ये कुणी म्हणालं की फोनवर नीट दिसत नाही, तर मी लॅपटॉप उघडत नाही. आधी त्याचा फोन हातात मागून घेतो.