पत्र्यावरच्या पावसाच्या पाण्यावर परसबाग

पावसाचा खंड पडला, की परसबागेतील मेथी-पालक माना टाकतात, वांगी-मिरचीची फुलगळ सुरू होते. बोअरचे पाणी घरालाच पुरत नसेल तर बागेचा नंबर शेवटी लागतो. अशा वेळी पागोळ्यांचे साठवलेले पाणी उपयोगी पडते. मात्र एक-दोन ड्रमवर उन्हाळा निघत नाही. ही सोय खंडापुरती आहे, हे आधीच लक्षात घ्यावे.

किती पाणी मिळेल?

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. २० बाय १० फुटांचा पत्रा म्हणजे सुमारे १८.५ चौरस मीटर. गळती व उडून जाणारे पाणी वजा करून ८० टक्के हाती येते असे धरले, तर २०० लिटरचा ड्रम साधारण १४ मिमी पावसातच भरतो. पुढचे सगळे पाणी वाहून जाते. म्हणजे कमतरता पाण्याची नसून साठवणीची असते. १०० चौरस फूट भाजीला कोरड्या दिवसांत रोज ४० लिटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे एक ड्रम जेमतेम पाच दिवस. त्यामुळे जमल्यास तीन ड्रम बुडाशी पाइपने जोडावेत आणि वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

जोडणी

११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा चिरून पन्हळ तयार होते. तिला दर १० फुटांना एक इंच उतार द्यावा. भरलेल्या ड्रमचे वजन २०० किलोच्या वर जाते, त्यामुळे विटा नुसत्या रचून ठेवू नयेत. पक्का ओटा बांधावा. तोटी बुडापासून तीन-चार इंच वर बसवावी, म्हणजे गाळ खाली राहतो. निळा किंवा काळा ड्रम घ्यावा, पांढऱ्यात शेवाळ लवकर धरते. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये.

पहिल्या पावसात पत्र्यावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा उतरते. ते पहिले १८-२० लिटर पाणी पाइप बाजूला वळवून सोडून द्यावे. मोठ्या उघडिपीनंतरही असेच करावे.

डासांकडे दुर्लक्ष नको. डेंगीचा डास अशाच साठवणीत अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी बाहेर पडते. तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधावी. जादा पाणी बाहेर काढणाऱ्या पाइपालाही जाळी लावावी. नेमकी तीच राहून जाते. हे पाणी घराच्या पायापासून दूर, केळी किंवा अळूच्या बुडाशी सोडावे.

दोन फूट उंचीवरच्या ड्रमाच्या दाबावर नेहमीचे ठिबक नीट चालत नाही. साध्या नळीने किंवा झारीने, संध्याकाळी, थेट बुडाशी पाणी द्यावे.