45 किलो गटातली हर्षदा 83 किलो कशी उचलते?

सांगा बघू, तांदळाची 50 किलोंची गोणी कुणाला उचलता येईल? जागची हलली तरी पुष्कळ! आणि हर्षदा गरुडने तर 83 किलो थेट डोक्यावर नेले. तीही खेळत होती 45 किलो वजनगटात, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पटींहून जास्त भार!

ही हर्षदा काही लांबची नाही हं. मीरा-भाईंदरहून पुण्याला निघालात की लोणावळ्याच्या पुढे वडगाव मावळ लागतं. तिथली ती. बिहारीलाल दुबे सरांच्या हाताखाली ती वेटलिफ्टिंग शिकली.

एवढी ताकद दंडात असते? छे! खरा जोर मांड्यांचा, कमरेचा आणि पाठीचा. शिवाय सरावाने मेंदूही तयार होतो. एकाच क्षणी जास्तीत जास्त स्नायूतंतूंना कामाला कसं लावायचं, हे तो शिकतो. म्हणून लहान चणीची खेळाडूही मोठा भार पेलते.

या खेळाचे दोन प्रकार. ‘स्नॅच’मध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा. ‘क्लीन अँड जर्क’मध्ये आधी खांद्यांवर, मग डोक्यावर.

स्नॅचमधली गंमत ऐका. बार हातांनी डोक्यापर्यंत ओढायचाच नसतो! पायांच्या जोराने तो वर उसळतो, वेग कमी होतो आणि तो खाली यायच्या आत खेळाडू झपकन त्याच्याखाली बसते. हात ताठ, मग भारासकट उभी! बार अंगालगत ठेवावा लागतो, कारण तो जरा पुढे गेला की तोल गेलाच.

2 मे 2022 रोजी ग्रीसमधल्या हेराक्लिऑनला ज्युनियर जागतिक स्पर्धा होती. क्लीन अँड जर्कमध्ये तुर्कस्तानच्या मुलीने 85 किलो उचलले, हर्षदाने 83. पण स्नॅचमध्ये हर्षदाचे 70, तिचे 65. बेरीज करा: 153 विरुद्ध 150. सुवर्णपदक हर्षदाला! ज्युनियर जागतिक स्पर्धेत सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय.

तिकडे प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या सामोआची फेआगाइगा स्टोवर्स 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 17व्या वर्षी सुवर्ण जिंकली. ती मात्र सर्वांत वरच्या वजनगटातली. सडपातळ असो की धिप्पाड, प्रत्येकीसाठी इथे गट आहे.

तुम्हालाही करून बघायचंय? मग घरातली गोणी उचलू नका हं! आधी प्रशिक्षक गाठा आणि नुसत्या काठीने सुरुवात करा.