स्टेफी ग्राफचीं रिकाम्या हातांचीं वर्षें

स्टेफी ग्राफ या जर्मन टेनिसपटूचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. १९८८ सालीं चारही प्रमुख स्पर्धा व ऑलिंपिकचें सुवर्णपदक तिनें एकाच वर्षांत मिळविलें, हें सर्वश्रुत आहे. आम्हांस मात्र तिचीं त्यापूर्वींचीं, रिकाम्या हातांचीं वर्षें अधिक मननीय वाटतात. कारण मुलें वाढविणाऱ्या घरांस काळजी पडते ती अशाच वर्षांची.

तिचा जन्म १४ जून १९६९ रोजीं मानहाइम येथें झाला, व ती वाढली जवळच्याच ब्रूल गांवीं. वडील पेटर ग्राफ मोटारी व विमा यांचा व्यवसाय करीत आणि टेनिसही शिकवीत. मुलगी तीन-चार वर्षांची असतांनाच त्यांनीं तिच्या हातीं लांकडी रॅकेट दिली. दिवाणखान्यांतच बापलेकींचा खेळ चाले. पंचवीस वेळां चेंडू न चुकतां परतविल्यास आइस्क्रीम, असा करार असे. पण पंचविसावा चेंडू बाप बहुधा असा मारी कीं, तो पोरीस परतवितांच येऊं नये. रोज आइस्क्रीम खाणें बरें नव्हे, असें त्यावर त्यांचें समर्थन असल्याचें सांगतात! सारा जन्म मुलें शिकविण्यांत गेलेल्या आम्हांस हें वाचून हंसूं आलें, आणि थोडें वाईटही वाटलें. मुलांस अशी लबाडी कळत नाहीं, असें कोणींही समजूं नये.

१९८२ च्या ऑक्टोबरांत स्टुटगार्टनजीक फिल्डरस्टाट येथें ही तेरा वर्षांची मुलगी व्यावसायिक स्पर्धेंत प्रथमच उतरली. (चौदा वर्षांखालील मुलींस हीं दारें पुढें बंद झालीं.) समोर होती अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा दोनदां जिंकलेली ट्रेसी ऑस्टिन. तिनें ६-४, ६-० असा सामना जिंकला, आणि अशा मुली आमच्या देशांत शेंकडों आहेत, अशा आशयाचे उद्गार काढल्याचें प्रसिद्ध आहे. त्या दिवशींचा खेळ पाहतां तें अगदींच खोटें नसावें.

पुढील तीन वर्षांत स्टेफीनें व्यावसायिक मंडळाची एकही स्पर्धा जिंकली नाहीं. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकांत तरुण खेळाडूंची प्रदर्शनीय स्पर्धा तिनें पंधराव्या वर्षीं जिंकली खरी, पण तीस अधिकृत पदकाचा मान नव्हता. मात्र क्रमवारी निराळेंच सांगते: आरंभीं १२४ वी, १९८३ अखेर ९८ वी, १९८४ अखेर २२ वी, १९८५ अखेर ६ वी. याचें मर्म असें कीं, वडिलांनीं तिला फार खेळूं दिलें नाहीं. १९८५ सालीं अमेरिकन स्पर्धेपूर्वीं तिजहून वर्षानें लहान असलेली गाब्रिएला साबातिनी २१ स्पर्धा खेळली. स्टेफी अवघ्या १०. उरलेले दिवस सरावाचे. मेजवान्या नाहींत, समारंभ नाहींत. हरणाऱ्या मुलीस ठिकठिकाणीं नाचवून एकदांचा चषक घरीं आणावा, हा मोह त्या गृहस्थांनीं टाळला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु याच पित्याच्या मुठींत मुलीचा पैसाही होता. तिच्या उत्पन्नावरील कर चुकविल्याबद्दल १९९७ सालीं त्यांस पावणेचार वर्षांची शिक्षा झाली. हिशेब विचारणारें दुसरें वडील माणूस त्या घरांत असतें तर, असा विचार एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

१३ एप्रिल १९८६ रोजीं हिल्टन हेड येथें ख्रिस एव्हर्टसारख्या मातबर खेळाडूस हरवून तिनें पहिलें अजिंक्यपद मिळविलें. त्यानंतर जून १९८७ मध्यें पॅरिसला अंतिम सामन्यांत गांठ पडली ती मार्टिना नवरातिलोव्हाशीं. निर्णायक डाव ६-७ वर आला असतां सर्व्हिस करणाऱ्या मार्टिनाचे लागोपाठ दोन्ही चेंडू चुकले, आणि सामना स्टेफीचा झाला. तिचा अठरावा वाढदिवस तेव्हां आठ दिवसांवर होता.